वाचक विचारतात: ‘अँग्री’ ऐकवायचं कसं?

गेल्या अंकात रोलिंग स्टोन्स या इंग्लंडच्या रॉक बँडच्या ‘अँग्री’ या गाण्याबद्दल, त्यातल्या ऊर्जेबद्दल, मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. या महिन्याची बहुतेक पत्रं त्याच गाण्याबद्दल आहेत, म्हणून अख्खं सदर त्यालाच देते. मागचा अंक ज्यांच्या हाती पडला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘अँग्री’ ६ सप्टेंबर २०२३ रोजी आलं. लांबी तीन मिनिटं सेहेचाळीस सेकंद. ज्या अल्बममधलं हे पहिलं गाणं, तो ‘हॅकनी डायमंड्स’ २० ऑक्टोबरला आला. या बँडने स्वतः रचलेल्या गाण्यांचा याआधीचा अल्बम होता २००५ सालचा. मधल्या अठरा वर्षांत ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गायनपरंपरेतल्या जुन्या गाण्यांचा एक अल्बम आला आणि मोजकी सुटी गाणी, त्यातलं एक २०२० च्या लॉकडाऊनमधलं. त्यामुळे ‘अँग्री’ आलं तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी कान टवकारले, त्यात नवल नाही.

“मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकते. आमच्या कम्युनिटी रेडिओवर आठवड्यातून एकदा अर्धा तास मला पाश्चात्त्य गाणी लावता येतात. ‘अँग्री’ लावायचं आहे. सर म्हणाले, आधी मिनिटभर ओळख करून दे. ऐकणाऱ्यांत शिवणकाम करणाऱ्या बायका, दुकानदार, माझ्याच वर्गातली मुलंमुली. मी लिहिलेली ओळख सोबत जोडली आहे. ताई, काय बदलू?”

तुझी ओळख नीट वाचली. अक्षर सुरेख आहे, गाण्यावरचं प्रेमही दिसतं. पण पहिल्या दोन वाक्यांत ‘जगप्रसिद्ध’, ‘अजरामर’, ‘धडाकेबाज’, ‘तुफानी’ आणि ‘रॉकचे अनभिषिक्त सम्राट’ एवढं सगळं आलं आहे. मशीनवर बसून ब्लाउज शिवणाऱ्या बाईला यातून काय मिळालं? तू खूश आहेस एवढं तिला कळलं. गाण्यात शिरायला दार मात्र सापडलं नाही. ती पाचही विशेषणं काढून टाक.

आपल्याकडे गाण्याची ओळख करून देण्याची उत्तम रीत आधीपासून आहे. विविध भारतीवर काय सांगायचे? चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्येही तसंच. निवेदिका गाण्याची स्तुती करत बसायची नाही, नावं स्वच्छ उच्चारायची आणि बाजूला व्हायची. मैफलीतही गवई रागाचं नाव सांगतो, फार तर बंदिशीचा मुखडा सांगतो आणि षड्ज लावतो. ऐकणाऱ्याला अक्कल आहे हे गृहीत धरलेलं असतं.

अनोळखी भाषेतल्या, अनोळखी वाद्यांच्या गाण्यासाठी यात एकच भर घालावी लागते. कान कुठे लावायचा, ते सांगायचं. एकच जागा सांगायची, दहा नाही. बाकीचं ज्याचं त्याला सापडतं. मी नाशकात गिटार शिकवते आणि शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला नवं गाणं असंच ऐकवते. “सुरुवातीला फक्त ड्रम ऐक” म्हटलं की त्याचे डोळे बदलतात. “हे फार भारी गाणं आहे” म्हटलं की तो माझ्याकडे बघत राहतो, कधी मान डोलवायची याचा अंदाज घेत.

तुझ्यासाठी मी असं लिहीन:

“आता एक इंग्लंडचं गाणं. बँडचं नाव रोलिंग स्टोन्स. १९६२ साली लंडनमध्ये सुरू झालेला हा बँड अजून वाजवतो आहे. गायक मिक जॅगर जुलै २०२३ मध्ये ऐंशी वर्षांचे झाले. गिटारवर कीथ रिचर्ड्स आणि रॉनी वूड, ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन. गाण्याचं नाव ‘अँग्री’. एक माणूस आपल्या माणसाला विचारतो आहे, माझ्यावर एवढी का रागावलीस? महिनाभर पाऊस नाही, नदी कोरडी पडली, आणि आपल्यातही तसंच झालंय असं त्याचं म्हणणं. तक्रार आहे, पण वाद्यं मात्र मजेत आहेत. आधी ड्रम येईल, मग गिटार. ती गिटार थोडं वाजून गप्प बसते. ती कुठे कुठे गप्प बसते, तेवढं ऐका. रोलिंग स्टोन्स, ‘अँग्री’.”

घड्याळ लावून वाच, मिनिटाच्या आत बसेल. इंग्रजी नावं उच्चारताना आवाज बदलू नकोस. मराठीत बोलतेस तशीच बोल. शेवटचा शब्द उच्चारलास की लगेच गाणं सुरू होऊ दे. आणि गाणं संपल्यावर दोन क्षण काही बोलू नकोस, लोकांना ते संपलेलं ऐकू दे.

तू पत्रात विचारलं आहेस की खुद्द बँडने या गाण्याची ओळख कशी करून दिली. ती गोष्ट मजेची आहे. ऑगस्टमध्ये पूर्व लंडनच्या ‘हॅकनी गॅझेट’ या स्थानिक वर्तमानपत्रात एक जाहिरात आली: हॅकनी डायमंड्स, काचा दुरुस्त करून मिळतील, स्थापना १९६२. बँडचं नाव कुठेच नाही. पण मजकुरात त्यांच्या जुन्या गाण्यांची नावं वाक्यांत बेमालूम पेरली होती, आणि एका अक्षरावरच्या टिंबाच्या जागी त्यांचं बोधचिन्ह असलेली ती लाल जीभ. चाहत्यांनी ओळखलं, बातमी जगभर गेली. मग ६ सप्टेंबरला त्याच भागातल्या हॅकनी एम्पायर या १९०१ सालच्या नाट्यगृहात अमेरिकी निवेदक जिमी फॅलन यांनी मिक, कीथ आणि रॉनी यांना मंचावर बसवून गप्पा मारल्या, ते यूट्यूबवरून सगळीकडे दिसलं, आणि त्याच दिवशी गाणं खुलं झालं.

हे त्यांना शोभतं, कारण लपवायला साठ वर्षांची कीर्ती हाताशी आहे. लाल जीभ दिसली की लंडनमधला टॅक्सीवालाही ओळखतो. तुझ्या श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांनी हे नावच ऐकलेलं नाही, म्हणून तू काही लपवू नकोस. सगळं सरळ सांग.

“मी कोल्हापूरचा. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरुणपणी तबला शिकलो. नातू हे गाणं दिवसभर लावतो. मला त्यात चार मात्रांचा एकच ठेका आणि त्यावर आरडाओरडा ऐकू येतो. तुम्ही ‘ऊर्जा’ म्हणता ती नेमकी कुठे आहे? ही फक्त मोठ्या आवाजाची ऊर्जा नव्हे ना?”

काका, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण तुम्ही चार मात्रा मोजल्यात. म्हणजे निम्मं गाणं तुम्ही ऐकलंच आहे.

आता त्या चार मात्रांचं वजन कुठे पडतं ते पाहा. आपला कान समेची वाट पाहतो. पहिली मात्रा आली की जीव भांड्यात पडतो. इथे पहिल्या मात्रेवर पायाने वाजवायचा मोठा ड्रम आहे, पण खणखणीत फटका पडतो तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. तो स्नेअर ड्रम. त्या फटक्याला बॅकबीट म्हणतात. तुम्ही मांडीवर एक-दोन-तीन-चार मोजा आणि टाळी फक्त दोनवर आणि चारवर द्या. सुरुवातीला हात आपोआप एकवर जाईल. थोडा वेळ तसंच करत राहा. मग शरीर पुढे झुकायला लागेल, कारण वजन सतत पुढच्या मात्रेवर ढकललं जातं आणि विसावा असा मिळत नाही. गाण्यातला जोर पहिल्यांदा तिथून येतो.

दुसरं म्हणजे वेग. ‘अँग्री’ काही फार द्रुत नाही. भरभर चालणाऱ्या माणसाची चाल आहे, धावणाऱ्याची नव्हे. याहून दुप्पट वेगाची शेकडो रॉक गाणी निघतात आणि त्यातली कितीतरी निर्जीव असतात. म्हणजे जोर वेगातूनही आलेला नाही.

माझ्या मते तो आला आहे मोकळ्या जागांतून. कीथ रिचर्ड्स या गाण्यात जी छोटी ओळ पुन्हा पुन्हा वाजवतात, जिला आम्ही रिफ म्हणतो, ती सलग नाही. दोन-तीन झटके, मग शांतता. त्या शांततेत ड्रम एकटा ऐकू येतो, जॅगरचा शब्द येऊन पडतो, आणि गिटार परत आली की पुन्हा धक्का बसतो. सगळी वाद्यं सगळा वेळ वाजत राहिली असती तर हा धक्का बसलाच नसता. तबल्यात दम घेऊन वाजवलेली तिहाई तुम्ही ऐकली असेल, वाजवलीही असेल. मधला दम काढून टाका, तिच्यात काय उरतं ते तुम्हाला सांगायला नको.

आणि या बँडचं एक वेगळेपण. साधारणपणे रॉक बँडमध्ये सगळे ड्रमरच्या मागे जातात. स्टोन्सचे जुने बेसवादक, म्हणजे खालच्या सुरांची गिटार वाजवणारे, बिल वायमन यांनी सांगून ठेवलं आहे की यांच्यात उलट असतं, ड्रमर कीथच्या गिटारच्या मागे जातो. त्यामुळे लय घड्याळासारखी काटेकोर होत नाही. गिटार आणि ड्रम यांच्यात केसाएवढं अंतर पडतं, मिटतं, परत पडतं. साथीदार लयीवर किंचित मागे रेलून वाजवायला लागला की मैफल कशी रंगते, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता.

दोन गिटारांचंही असंच. बहुतेक बँडमध्ये एक गिटार ठेका धरते आणि दुसरी नक्षीकाम करते, कामं वाटलेली असतात. कीथ आणि रॉनी १९७५ पासून एकत्र वाजवतात आणि त्यांनी अशी वाटणी फारशी ठेवलेलीच नाही. जात्यावर समोरासमोर बसून दोघी दळतात, तेव्हा खुंटा नेमका कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला ते दिसत नाही, जातं मात्र फिरत राहतं; या दोन गिटारींचं तसं आहे.

नातवाला एक गोष्ट करायला सांगा: आवाज निम्म्यावर आणायला. भांडण नको, प्रयोग म्हणून. चांगल्या रॉक गाण्याचा जोर कमी आवाजातही टिकतो. ‘अँग्री’चा टिकतो. तो टिकला की तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल, आणि दुपारी झोपही.

माझी एक तक्रार मात्र आहे. नव्या ध्वनिमुद्रणांत सगळंच पुढे आणून ठेवायची पद्धत पडली आहे, आणि या गाण्यातही ती आहे. सत्तरच्या दशकातली यांची रेकॉर्ड लावली की खोलीत लांबी-रुंदी असल्यासारखं वाटतं. कुणी भिंतीपाशी उभा आहे, कुणी दाराजवळ. ‘अँग्री’त सगळे एका रांगेत अगदी तोंडासमोर उभे आहेत. तुमच्या कानाला जो आरडाओरडा वाटतो, त्यात याचाही वाटा आहे, आणि तिथे मी तुमच्या बाजूची.

“मी पुण्यात साउंड इंजिनिअरिंग शिकतो. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या गळ्यातून असा आवाज येतो यावर माझा विश्वास बसत नाही. हे सगळं सॉफ्टवेअरचं काम नाही का?”

आज कुठलंही व्यावसायिक ध्वनिमुद्रण संपादनाशिवाय बाहेर पडत नाही, हे तू शिकतोच आहेस. पण “सगळं सॉफ्टवेअरचं” हे म्हणणं टिकत नाही. अल्बम येण्याच्या आदल्या रात्री, १९ ऑक्टोबरला, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये रॅकेट नावाच्या छोट्याशा क्लबमध्ये सात गाणी वाजवली. त्यात ‘अँग्री’ होतं. ज्यांना शंका आहे त्यांनी त्या रात्रीची चित्रणं पाहावीत. गळा तोच आहे.

जॅगर गातात कसं, ते तंत्राच्या विद्यार्थ्याने ऐकण्यासारखं आहे. ते स्वर लांबवत नाहीत. व्यंजनांवर गातात. शब्दाची सुरुवात आणि शेवट दाताने तोडल्यासारखे, मधला स्वर आखूड. लांब श्वास लागतच नाही. वय वाढल्यावर पहिल्यांदा जातो तो दमसास आणि लांब ठेवलेल्या स्वराचं स्थैर्य. ज्याने विशीपासूनच त्यावर भिस्त ठेवली नाही, त्याचं तुलनेने कमी बिघडतं. यात रोजचा व्यायाम, मंचावरची धावपळ हेही आलंच.

पण तुला मी आणखी एक कारण सांगेन, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या लोकांनी स्वतःला तारीख घालून घेतली. वर्षानुवर्षं मधूनमधून मुद्रण चाललं होतं, पुरं काही होत नव्हतं. मग जॅगरनी ठरवलं की १४ फेब्रुवारी २०२३ पर्यंत संपवायचं. हॅकनीच्या गप्पांत त्यांनीच सांगितलं, तेवीस गाणी झपाट्याने मुद्रित केली, जानेवारीत पुरी केली, फेब्रुवारीत मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवणं. निर्माता घेतला अँड्र्यू वॉट, १९९० साली जन्मलेला, म्हणजे जॅगरच्या नातवंडात खपेल असा. त्याने त्याआधी ऑझी ऑझबर्न आणि इगी पॉप या ज्येष्ठ रॉक गायकांबरोबर काम केलं होतं. म्हाताऱ्या सिंहांसमोर दबून न जाण्याची सवय त्याला होती. ‘अँग्री’च्या रचनेत जॅगर आणि रिचर्ड्स यांच्या जोडीने त्याचंही नाव आहे.

महिनोन्महिने घासलेल्या गाण्यात सगळे कोपरे गुळगुळीत होतात. ‘अँग्री’त ते झालेले नाहीत. शेवटी शेवटी जॅगर जे बडबडत सुटतात, आपण आता ब्राझीलला चाललोय वगैरे, ते तसंच ठेवलं आहे. स्टुडिओत बसशील तेव्हा असा एखादा तुकडा साफ करायला हात शिवशिवेल. तो राहू दे.

“मी ठाण्याची. कॉलेजपासून स्टोन्स ऐकते. ड्रमर चार्ली वॉट्स गेले आणि माझ्यासाठी हा बँड संपला. ‘अँग्री’ लावलं, पहिल्या ड्रमलाच परकं वाटलं, बंद केलं. मी चुकते आहे का?”

तुमचं दुःख खरं आहे, त्यात चूक कसली. मलाही पहिल्या ठोक्याला जाणवलं.

चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. १९६३ च्या सुरुवातीला बँडमध्ये आले आणि शेवटपर्यंत राहिले. मनाने ते जाझचे. त्यांच्या हाताची एक लकब होती: दोन आणि चारला डावा हात स्नेअरवर पडायचा, त्या क्षणी उजवा हात हाय-हॅटच्या झांजेवरून उचललेला असायचा. इतर बहुतेक ड्रमर दोन्ही एकदम वाजवतात. चार्ली तेवढ्या क्षणापुरती झांज गप्प करायचे, म्हणून त्यांचा स्नेअर इतका एकटा आणि स्वच्छ ऐकू यायचा.

७ एप्रिल २००३, सोमवार, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम. त्याआधी ४ तारखेला बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर भर पावसात त्यांचा कार्यक्रम झाला होता, आणि आता मुंबई. मी नाशकाहून पंचवटीने गेले होते. एप्रिलचा उकाडा, घामाने चिंब झालेली गर्दी, सगळ्यांची नजर जॅगरवर, आणि मी मात्र पडद्यावर चार्लींचा तो उजवा हात दिसायची वाट बघत होते. दिसला. जॅगर मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते आणि मागे हा माणूस कचेरीत बसल्यासारखा ताठ, चेहऱ्यावर कसलाही आवेश नाही, फक्त हात उचलला जातोय, पडतोय. माझ्या शिकवण्यात आवेश आणि जोर या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची जी शिस्त आहे, ती त्या संध्याकाळची.

म्हणून स्टीव्ह जॉर्डन यांच्याबद्दल मी तुम्हाला विनंती करणार आहे. ते कुणी अचानक आणलेले भाडोत्री वादक नव्हेत. १९८८ साली कीथ यांनी स्वतःचा स्वतंत्र अल्बम केला तेव्हा त्यांच्याबरोबर जॉर्डनच होते, रचनेतही, ड्रमवरही. २०२१ मध्ये चार्ली आजारी पडले, दौरा तोंडावर होता, तेव्हा चार्लींनी स्वतःच आपल्या जागी जॉर्डन यांना पसंती दिली. काही आठवड्यांत चार्ली गेले. म्हणजे ती काठी चार्लींनी आपल्या हाताने दिली आहे.

जॉर्डन यांचा ठोका जड आहे, सरळ आहे. ते चार्लींची नक्कल करत नाहीत आणि मला त्यात आदर दिसतो. कुणी तो उजवा हात उचलून दाखवला असता तर मला सहन झालं नसतं.

अजून एक. ‘हॅकनी डायमंड्स’मध्ये दोन गाण्यांवर चार्लीच वाजवत आहेत, आधी मुद्रित करून ठेवलेलं. सातवं आणि आठवं गाणं. आठव्यात बिल वायमन यांनीही बेस वाजवला आहे, १९९३ मध्ये बँड सोडलेले वायमन. ती दोन आधी ऐका. मग दुसऱ्या एखाद्या दिवशी ‘अँग्री’. एका बैठकीत नको.

“जळगावला राहतो, अकरावीत आहे. माझ्याकडे गिव्हसनची साधी अकूस्टिक गिटार आहे. कॉर्ड बरोबर धरूनही ‘अँग्री’सारखं वाजत नाही. गिटार बदलावी लागेल का?”

गिटार अजिबात बदलू नकोस, आईबाबांचे पैसे वाचव. आहेत त्याच तारा वेगळ्या सुरांत लाव.

कीथ १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांच्या बऱ्याच गाण्यांत ओपन जी ट्यूनिंग वापरत आले आहेत. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार ते काढूनच टाकतात. पाचवी ए ची तार जी पर्यंत उतरव, पहिली ई ची तार डी पर्यंत उतरव. चौथी, तिसरी, दुसरी आहे तशीच. आता जाडीकडून बारीककडे जी, डी, जी, बी, डी. बोट न लावता छेडलंस तरी पूर्ण जी मेजर कॉर्ड वाजते. पाचव्या पडद्यावर एक बोट आडवं ठेवलंस की सी, सातव्यावर डी. ते आडवं बोट तसंच ठेवून दुसऱ्या तारेवर एक पडदा पुढे आणि चौथ्या तारेवर दोन पडदे पुढे अशी दोन बोटं टेकव आणि उचल. टेकव, उचल. स्टोन्सच्या गाण्यांतला तो ओळखीचा हेलकावा या दोन बोटांत आहे. हा सराव ‘अँग्री’ जसंच्या तसं वाजवण्यासाठी नाही, या गिटारवाल्याचा हात समजण्यासाठी आहे.

आणि उजवा तळवा. छेडून झालं की लगेच तळव्याची कड तारांवर टेकवून आवाज बंद कर. तुझ्या कॉर्ड बरोबर असतील, पण तू त्या वाजत राहू देत असशील. शांतताही वाजवावी लागते, तिच्यासाठी वेगळा सराव कर: एका मात्रेवर छेड, दुसऱ्या मात्रेवर बंद.

तारा उतरवताना हळू. परत चढवताना पहिली तार तुटू शकते, जादा घेऊन ठेव.

“अमरावतीहून लिहिते. मुलगा नववीत आहे, त्याला गाणं ऐकायचं म्हणजे बघायचंच असतं. ‘अँग्री’चा व्हिडिओ दाखवावा का? आणि त्यानंतर काय ऐकवू?”

व्हिडिओत सिडनी स्वीनी ही अमेरिकी अभिनेत्री लाल उघड्या गाडीत बसून, कधी उभी राहून नाचत लॉस एंजेलिसच्या सनसेट बूलेव्हार्डवरून जाते, आणि रस्त्याकडेच्या मोठमोठ्या होर्डिंगवर स्टोन्सची वेगवेगळ्या दशकांतली रूपं जिवंत होऊन हे नवं गाणं गातात. तिचा पोशाख आणि नाच आपल्या हिंदी चित्रपटगीतांच्या मर्यादेतलेच आहेत. गाण्यात शरीरसंबंधाचा एक सरळ उल्लेख आहे आणि गोळ्या घेण्याचा एक. नववीतल्या मुलाने विचारलं तर उत्तर देता येईल एवढंच आहे, तुम्ही आधी एकदा पाहून ठरवा.

पण क्रम माझा असा राहील: आधी पडद्याशिवाय, शक्यतो मोबाइलच्या स्पीकरवर नको, घरात जो काही बरा स्पीकर असेल त्यावर. मोबाइलच्या स्पीकरमधून पायाचा ड्रम आणि बेस जवळजवळ नाहीसे होतात, आणि मग उरतो तो नुसता वरचा कर्कश भाग. एकदा असं ऐकलं की मग व्हिडिओ. तेव्हा ती होर्डिंगं मुलाला दाखवा: हा पोरगेला जॅगर साठच्या दशकातला, हा सत्तरच्या. इतिहासाचा धडा म्हणून तो व्हिडिओ फार चांगला आहे, आणि तो धडा गाणं आधी कानात बसलं असेल तरच लागतो.

त्यानंतर त्याच अल्बममधलं शेवटचं, बारावं गाणं. ते मडी वॉटर्स या ब्लूज गायकाचं, १९५० मधलं, आणि याच गाण्यावरून बँडने आपलं नाव घेतलं. त्यात बँड नाही. फक्त कीथची गिटार आणि जॅगरचा गळा व माउथ ऑर्गन. ‘अँग्री’तला ड्रम, बेस, दुसरी गिटार सगळं काढून घेतलं तर खाली काय असतं ते तिथे ऐकायला मिळतं. मुलाला ते लगेच आवडेल असं मी म्हणणार नाही. लावून ठेवा, तो अभ्यास करत असला तरी चालेल.

(पुढच्या अंकात बेस गिटारविषयीचे प्रश्न घेणार आहे. पत्रात तुम्ही कशावर ऐकता, मोबाइल, रेडिओ की टेप, तेही लिहा. उत्तर देताना मला त्याचा उपयोग होतो.)